चिचोक्यांचा डबा

शाळेची तपासणी होती त्या दिवशी चिचोक्यांचा डबा मी पिठाच्या कोठीत लपवला. ही चूक मी आधीच सांगून टाकते. नाहीतर कौशल्याबाई गावभर सांगेल की बेबीनं आपली मोठाई पुढं ठेवली आणि चूक पदराखाली घातली.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी, पट सतरा, बाई एकच. त्या प्रतीक्षा मॅडम, रोज मोताळ्याहून स्कुटीवर येतात. गावात दिवसाला दोन एसट्या येतात, त्यातली एक मनात आलं तरच थांबते. मी शाळेत खिचडी शिजवते. नऊ वर्षं झाली. पहिली सहा वर्षं चार घरची पोरं माझ्या हातचं खात नव्हती. घरून डबे आणायची आणि माझ्याकडे पाठ करून बसायची. त्यातलं एक घर कौशल्याबाईचं. तिच्या नातवाला, ऋत्विकला, एक दिवस माझ्या फोडणीचा वास आला आणि त्यानं डबा कुत्र्याला घातला. तिथून पुढं ती माझ्याशी भांडायला यायला लागली आणि भांडता भांडता माझ्या चुलीपाशी बसायला लागली. असो.

दिवाळीपासून गावात एकच चर्चा होती. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळणार म्हणे. आमच्यासाठी मोठी शाळा म्हणजे चार किलोमीटरवरची. मधे डांबरी रोड आणि त्या रोडवर जिनिंगला जाणारे कापसाचे ट्रक. चौथीतल्या पोराला बाप गाडीवर सोडेल, पण पहिलीतल्या पोरीला कोण सोडणार? महिनाभर जाईल, पाऊस लागला की घरी बसेल आणि पुढं बकऱ्या राखेल. मॅडम म्हणाल्या, "बेबीताई, तपासणीला विस्तार अधिकारी येणार आहेत. त्यांचा शेरा चांगला पडला तर शाळेच्या बाजूनं बोलायला आपल्याकडे काहीतरी राहील." तेव्हापासून तो शेरा माझ्या डोक्यात बसला. सतरा पोरांची शाळा एका शेऱ्यावर टांगली होती.

आता डब्याचं सांगते. मी स्वतः दुसरीतून घरी बसले. आमचे गुरुजी माणूस वाईट नव्हते, पण वर्गात मोठ्यानं विचारायचे, "कोण जेवून नाही आलं?" मी कधी हात वर केला नाही. आमच्या गावाची खोडच ती. भुकेनं आडवे होतील, पण हात वर करणार नाहीत. एकदा वर्गात डोळा लागला म्हणून गुरुजींनी मला कोपऱ्यात उभं केलं. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही, आणि मग कधीच गेले नाही. अक्षरं पुढं नातवाच्या पाटीवर गिरवली. छापील वाचते. हातानं लिहिलेलं मात्र अजून मला मुंग्यांची रांग दिसते.

प्रतीक्षा मॅडम नव्या आल्या तेव्हा त्यांनीही प्रेमानं तेच विचारलं, "कोणी उपाशी आहे का रे?" मी खिडकीतून हाक मारली. म्हटलं, "मॅडम, असं इचारू नका. कोनी सांगनार नाही."

"मग कसं कळणार, बेबीताई?"

शाळेच्या आवारात चिचेचं झाड आहे. त्याचे चिचोके मी एका जुन्या पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा स्वयंपाकाच्या शेडच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगला. खाली पाटा ठेवला. सकाळी जो काही खाऊन आला नाही, त्यानं डब्यातला एक चिचोका पाट्यावर ठेवायचा आणि जायचं. नाव नाही, विचारणं नाही. प्रार्थनेआधी मी चिचोके मोजते आणि तेवढ्या भाकरी काढून ठेवते. पोरं हापशीवर हात धुऊन झाडामागं बसतात, भाकर आणि जवसाची चटणी खातात, तोंड पुसून रांगेत लागतात. भाकरी गावच्या. रोज एका घराची पाळी. पाळी कोणाची हे मला माहीत आणि त्या घराला माहीत. ऋत्विकसारखा भरल्या पोटाचा पोट्टाही चटणीसाठी चिचोका टाकतो. टाकू दे. मॅडमही अधूनमधून मुद्दाम एक टाकतात. त्यामुळे झाडामागं बसलेला कोण खरा उपाशी आणि कोण चटणीचा, हे कोणाला कळत नाही.

असा तो डबा. आणि तोच मी लपवला.

तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही शाळा सारवली, भिंतीला चुना मारला. मी डबा खिळ्यावरून काढला तेव्हा मॅडम धावत आल्या.

"अहो, राहू द्या ना तो. चांगली गोष्ट आहे."

"चांगली तुम्हाले. साहेब इचारतील हे काय, मंग काय सांगसान? गावातले पोट्टे उपाशी येतात म्हनून? त्याईच्या कागदावर गावाचं नाव लागन."

"बरं, एका दिवसानं काय होतं, ठेवा आत," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचं मन नव्हतं.

मन माझंही नव्हतं. पण माझी मान ताठ, ती मनाचं ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीची पाळी कौशल्याबाईची होती. तिला मी निरोप धाडला की उद्या पोरांच्या भाकरी नको, साहेबासाठी बेसनाच्या वड्यांची, पातोडीची रस्साभाजी कर. तुझ्या हातची पातोडी खाऊन माणूस खोटं लिहू शकत नाही. ती कधी नव्हे ते खूश झाली.

सकाळी मी नवं लुगडं नेसून शेडमधे होते. मनाली आली. तिसरीतली पोरगी, शाळेत सगळ्यात छान वाचते. फ्रॉक धुतलेला, पण वेणी एकच आणि तीही वाकडी. ती सरळ शेडच्या मागं गेली. खिळ्याकडे पाहिलं. मग पाट्याकडे. मग माझ्याकडे. मी तांदूळ निवडत होते.

"काय वं, इथं काय करतं? जाय, लाईनीत उभी राह्य. साहेब येऊन राह्यले."

ती गेली. मी पाहिलं होतं. पाहिलं आणि तांदूळ निवडत राहिले.

साहेब साडेदहाला आले. नारखेडे साहेब. बुटके, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात फाईल. बोलायला गोड नाहीत आणि खोटेही नाहीत, असे दिसले. त्यांनी हजेरी पाहिली, संडास पाहिला, वजनकाट्यावर स्वतः उभे राहिले आणि काटा हललाच नाही तेव्हा मॅडमकडे पाहिलं. कंपाउंड कुठं आहे विचारलं. नव्हतंच, तर दाखवणार काय? मग पाढे घेतले. दोन पोरं तेराच्या पाढ्यात अडकली. मी खिडकीशी उभी राहून पळी धरून होते, जणू पळीनंच पाढा ढकलणार.

मॅडमनी शेवटी आपला हुकमी पत्ता काढला. "मनाली, ये. वाच."

मनाली उठली. पुस्तक धरलं. पहिली ओळ नीट वाचली. दुसऱ्या ओळीला थांबली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट पुढं सरकेना. साहेब वाट पाहत होते. पोरीच्या कपाळावर घाम आला आणि ती मटकन खाली बसली, पुस्तक मांडीत तसंच धरून.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तिसरीची मुलगी तीन ओळी वाचू शकत नाही?"

"सर, ती सगळ्यात चांगली वाचते. आज काय झालं..."

"सगळ्या शाळेत मला हेच सांगतात. सतरा पट, आणि वाचनाचं हे असं. तुम्हीच सांगा, मी शेऱ्यात काय लिहू?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र गुरुजींचा तो कोपरा दिसला. साठ वर्षांपूर्वीचा. फरक इतकाच की या वेळी पोरीला कोपऱ्यात मी उभं केलं होतं.

मी पळी घेऊनच दारात गेले. "साहेब, जरा बाहेर या."

"आजी, तपासणी चालू आहे."

"हाव, दिसते मले. म्हनूनच बोलावून राह्यली. पोट्ट्याइसमोर बोलायची गोष्ट नाही हे."

साहेबांना असं ऐकायची सवय नसावी. पण ते आले. मी त्यांना शेडमागं नेलं आणि रिकामा खिळा दाखवला.

"हे काय?"

"खिया हाये. इथं काल संध्याकाळपर्यंत एक डबा होता. तो मी लपवला." शेडमधे जाऊन कोठीत हात घालून मी डबा काढला. पिठानं पांढरा झालेला. साहेबांच्या काळ्या पॅन्टवर पीठ सांडलं, तरी मी थांबले नाही. सगळं सांगितलं. चिचोका, पाटा, भाकरी, पाळी. "ते पोरगी ढ नाही, साहेब. ते उपाशी हाये. आन् उपाशी माह्यापायी हाये. सकाळी इथं आली, डबा पाह्यला, तं डबा नाही. मी तिले हाकललं. तुमच्या कागदावर गावाचं तोंड काळं होऊ नये म्हनून."

साहेब डब्यात बघत राहिले. "सरकारी तांदूळ सकाळीच वाटता की काय तुम्ही?"

"सरकारी तांदयाले मी शिजवायच्या टाइमाआधी हात लावत नाही. मोजून घ्या. भाकर गावची हाये."

"रोज किती मुलं?"

"कधी तीन, कधी सहा."

"कोण कोण? नावं सांगा, मी नोंद घेतो."

"नावं नाही सांगनार."

"आजी, मी अधिकारी आहे."

"असान. नाव सांगाचं असतं तं चिचोका कायले लागला असता? एका पोरीचं सांगतलं ते बी माह्यी चूक झाकाची नव्हती म्हनून. तिचंबी लिहू नका."

तेवढ्यात कौशल्याबाई डोक्यावर डाली घेऊन आली. डालीत पातोडीनं भरलेला पितळी गंज आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम भाकरी. पिठानं माखलेले साहेब, हातात पळी घेतलेली मी, हे पाहून ती जागीच थबकली.

"काय झालं बाई? साहेबाइले मारलं काय तुनं?"

"नाही मारलं अजून. तो गंज खाली ठेव. पोट्ट्याइले सुट्टी झाली."

"अवो पन हे साहेबाइसाठी..."

"कौशल्ये, मनाली उपाशी हाये," मी तिच्या कानाशी म्हटलं.

तिनं पदर खोचला, भाकरी मोडल्या आणि परातीत पातोडी ओतायला लागली. मी खिडकीतून खूण केली तशी मॅडमनी सगळ्या वर्गालाच लवकर सुट्टी दिली, म्हणजे एकटी मनाली उठून दिसणार नाही. सतराही पोरं झाडाखाली बसली. ऋत्विक ओरडला, "आजी, आज चटणी नाही काय?"

"पातोडी हाये ना बे समोर! जीभ हाये का गिरणी?" कौशल्याबाईनं आपल्याच नातवाला झापलं.

मनाली माझ्या जवळ बसली होती. पहिली अर्धी भाकर तिनं न चावताच गिळली. मी पाणी पाजलं. मग हळूहळू कळलं. तिची आई धाकट्याला घेऊन दोन दिवसांपासून बुलढाण्याच्या दवाखान्यात होती. बाप थ्रेशरवर, दुसऱ्या जिल्ह्यात. घरी आजोबा गुलाबराव. त्यांच्या हातांना कंप, चूल पेटत नाही. काल दुपारी शाळेची खिचडी, रात्री दोन बिस्किटं, आणि आज काहीच नाही.

"कोनाले सांगतलं काऊन नाही?" मी विचारलं.

"आजोबा म्हने, लोकाइच्या घरी मागाचं नाही. शाळेत डबा आहेच ना."

शाळेत डबा आहेच ना. त्या म्हाताऱ्यानं माझ्या भरवशावर पोरीला उपाशी धाडलं होतं. त्याचा भरवसा खरा होता, खोटी मी निघाले.

साहेब एका बाजूला उभे होते. फाईल बंद. मी विचारलं, "तुम्ही सकाळी काय खाल्लं?"

"मी? चहा घेतला निघताना."

"बुलढाण्याहून इथपर्यंत निसत्या चहावर? मंग उचला."

"काय?"

"चिचोका."

कौशल्याबाई फिस्सकन हसली. मॅडम घाबरल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, बोटांनी एक चिचोका काढला आणि पाट्यावर ठेवला. मग हापशीवर हात धुऊन पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. बाजूला ऋत्विक होता. तो सरकून म्हणाला, "साहेब, कडेची तर्री खाऊ नका, तिखट लागते." जणू साहेब पहिलीत आले होते.

जेवण झाल्यावर साहेब म्हणाले, "मुलांना थोडं खेळू द्या. मग मी परत वाचन घेतो." मॅडमनी मनालीला विचारलं, वाचशील? ती हो म्हणाली. पण साहेबांनी पुस्तक मागितलं नाही. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले आणि शेराबुक उघडून लिहायला लागले. चांगली वीस मिनिटं लिहिलं. मधेच मला बोलावलं.

"बेबीताई, एक विचारतो." आजीवरून ते ताईवर आले होते. "हा डबा मी शेऱ्यात लिहिला, तर वरचे लोक वाचतील. या गावात मुलं सकाळी उपाशी शाळेत येतात, हे कागदावर येईल. तुम्ही हेच टाळत होतात ना? नसेल लिहायचं तर नुसतं 'गावाचा सहभाग चांगला' असं लिहून मी सोडून देतो. तुम्ही सांगाल तसं."

कौशल्याबाई गंज घासता घासता थांबली. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. खरं सांगते, 'नका लिहू' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. साठ वर्षांची सवय एका सकाळी जात नाही. मी मनालीकडे पाहिलं. तिची वाकडी वेणी मॅडम नीट घालून देत होत्या.

"लिहा," मी म्हटलं. "पोट्टे उपाशी येतात हे लिहा. आन् उपाशी बसत नाहीत, हेबी लिहा. आज एक बसली, ते माह्या नावावर लिहा."

"तुमचं नाव लिहायची गरज नाही."

"हाये. नाहीतर मॅडमच्या नावावर जाईन."

साहेबांनी लिहिलं. मग वही फिरवून मनालीपुढं धरली. "हे वाच. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घे."

हातानं लिहिलेलं. मला मुंग्यांची रांग. पोरगी उभी राहिली आणि बोट न ठेवता वाचायला लागली.

"शाळेला संरक्षक भिंत नाही. वजनकाटा बंद आहे, तात्काळ दुरुस्त करावा. दोन विद्यार्थ्यांचे पाढे कच्चे आहेत." इथं ऋत्विकनं मान खाली घातली. "मुलांची काळजी घेणे आणि गावाला सोबत घेणे, ही या शाळेची सर्वांत भक्कम बाजू आहे. जी मुले सकाळी उपाशी येतात त्यांच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या श्रीमती बेबीताई यांनी..." पुढं ती जरा थांबली. माझा जीव वर गेला. पण ती भुकेनं थांबली नव्हती. साहेबांनी तिथं खोडाखोड केली होती. "...यांनी चिचोक्यांची पद्धत सुरू केली आहे. कोणत्याही मुलाला नाव सांगावे लागत नाही. तपासणीच्या दिवशी ही पद्धत बंद ठेवण्यात आली, त्यामुळे एका विद्यार्थ्याची गैरसोय झाली. ही चूक श्रीमती बेबीताई यांनी स्वतः निदर्शनास आणून दिली. पद्धत एकही दिवस बंद ठेवू नये. शाळा याच गावात राहणे मुलांच्या हिताचे आहे, असे माझे मत आहे. वाचन," तिनं श्वास घेतला, "उत्तम."

साहेबांनी वही मिटली. "झालं वाचन," ते म्हणाले. जाताना ते म्हणाले की मत त्यांचं, निर्णय वरचा. त्यांना खोटी आशा द्यायची नव्हती. मला तो माणूस तेवढ्यासाठी आवडला.

त्याच दुपारी मी गुलाबरावांकडे गेले. ते खाटेवर बसून होते. मी भांडायलाच गेले होते, पण त्यांचे हात पाहून आवाज खाली आला.

"मागाले लाज वाटली, बेबीबाई," ते म्हणाले.

"लाज मलेबी वाटली होती. त्याचं काय झालं ते मनाली सांगन तुम्हाले. आता ऐका. मनालीची माय येईपर्यंत दोघांचं जेवन कौशल्याबाईकडे. मी इचारून नाही राह्यली, सांगून राह्यली."

ते काठी शोधायला लागले. मी ती त्यांच्या हातात दिली.

एप्रिलमधे मिसळायच्या शाळांची यादी आली म्हणून मॅडमचा मोताळ्याहून फोन आला. यंदा आमचं नाव त्यात नव्हतं. शेऱ्यामुळे की आणखी कशामुळे, ते कोणी सांगितलं नाही. गावानं पेढे वाटले. मी घेतला नाही. मॅडमना म्हटलं, "यंदा नाही म्हनजे पुढच्या वर्षी असू शकते. तेराचा पाढा आधी पक्का करा. आन् पट वाढवा." उन्हाळ्यात मी आणि कौशल्याबाई वाडीवस्तीवर फिरलो. ज्या घरात पाच वर्षांचं लेकरू दिसलं तिथं बसलो. चार घरांनी हो म्हटलं. एका घरात चहा मिळाला नाही, तिथं कौशल्याबाईनं भांडण केलं आणि त्यांनीही हो म्हटलं. आता पट एकवीस.

डबा परत खिळ्यावर गेला. पण शेडमागं नाही. व्हरांड्यात, फळ्याच्या बाजूला, जिथं येणाऱ्याला आधी दिसतो. कौशल्याबाई म्हणाली, "अवो, इथं तं कोनीबी पाह्यन."

"पाहू दे," मी म्हटलं. पाटा मात्र मागंच ठेवला, झाडाखाली. डबा सगळ्यांनी पाहावा. चिचोका कोण ठेवतं, ते कोणी पाहायचं नाही.

जूनमधे शाळा उघडली त्या पहिल्या दिवशी पाट्यावर चार चिचोके होते. मी चार भाकरी काढल्या, आणि एक जास्तीची. ऋत्विकची चौथी झाली, तो आता मोठ्या शाळेत गेला. पण शाळेला जायच्या आधी तो इकडून जातो. चटणीसाठी.